सात वाजता मंदावणारी गाडी

टेमघरला आमच्या शेजारी वासुदेवकाका भोईर राहतात. त्यांच्या माडीवर सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना कुणी बोललेलं चालत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, इतरांना गप्प बसवणं हा माझा रोजचा उद्योग. पण तिथे मीच मुकाट बसते. काळ्या रुळावर शर्यतीची एक छोटी लाल गाडी गोल गोल पळत असते. काका हातातला खटका एकाच मापात दाबून तिच्याकडे टक लावून बघत असतात. आणि बरोबर सातला, खटका तसाच दाबलेला असताना, गाडी मंदावते. वाटेत कुणीतरी आडवं आल्यासारखी. काका मान डोलावतात, "आला रशीद," म्हणतात आणि मगच काकूंकडे चहा मागतात.

हा खेळ परदेशातला, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा. रुळाला खाच, गाडीच्या पोटाखाली खाचेत बसणारी जीभ, आणि रुळातल्या विजेवर सगळी पळापळ. जवळच्या पूर्णा गावातल्या गोदामांत परदेशातलं जुनंपानं उतरतं, त्यातून काकांनी असे अकरा सेट जमवलेत. तंबाखूच्या डब्यांत चाकं, औषधांच्या बाटल्यांत स्क्रू. माडीवर चढण्याआधी हात धुवावे लागतात, आणि ते धुतले की नाही हे काका वास घेऊन तपासतात. काकू म्हणतात, "यांच्या गाऱ्या फॉरेनला जल्मल्या आन मराया आमच्या माडीवर आल्या."

पुतण्यासाठी स्थळ आलं, तेव्हा काकांनी पोहे यायच्या आत मुलीच्या बापाच्या हातात खटका दिला. पहिल्याच वळणावर त्याची गाडी उडून कपाटाखाली गेली. "हात जड हाय," काका गंभीरपणे म्हणाले. पाहुण्यांचे चेहरे उतरले. मग मुलीनेच खटका घेतला आणि काकांना दोन फेऱ्यांनी हरवलं. काकांनी पत्रिका न बघताच होकार दिला. लग्न झालं, संसार छान चालला आहे, आणि श्रेय अर्थातच गाडीचं.

रशीदभाई म्हणजे काकांचा जोडीदार. तीस वर्षं दोघांनी कापडाच्या एकाच कारखान्यात तेच चार लूम, म्हणजे विजेवरचे माग, चालवले, एकाने दिवसपाळीला, दुसऱ्याने रातपाळीला. भेट काय ती सातला शिफ्ट बदलताना, दहा मिनिटं. मालकाने कारखाना मोडला तेव्हा रशीदभाईंनी ते चार लूम घेऊन मागच्या गल्लीत शेड थाटली. काकांचे गुडघे गेले, त्यांना तिथवर चालवत नाही.

"त्याचं लूम चालू झालं का आख्ख्या लाइनीचं व्होल्टेज बसतं," काकांनी मला समजावलं होतं. "गारी जरा दमली का समजायचा, रशीद ड्युटीवर हाय. बरा हाय. गारी खोटा बोलत न्हाय."

मला हे फार आवडलं होतं. वर्गात मुलांनाही सांगितलं.

मग शाळेच्या नाटकाला पडदा हवा होता, म्हणून एका दुपारी मी रशीदभाईंच्या शेडकडे गेले. दाराला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. फटीतून आत पाहिलं. लूम नव्हते. जमिनीवर तेलाचे चार काळे चौकोन तेवढे उरले होते. शेजारचा पानवाला म्हणाला, "चाचा? वो तो बीमार थे, गाँव चले गए. आठ महीने हो गए, मॅडम. लूम भंगार में गया."

त्याच दिवशी सकाळी मी गाडी मंदावताना पाहिली होती. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा माडीवर गेले. भुतंखेतं मी मानत नाही, पण त्या दिवशी पाठ भिंतीला टेकवून बसले, हे खरं. सात वाजले. डोक्यावरची ट्यूब क्षणभर काळवंडली. गाडी मंदावली. खोलीत लूमच्या तेलाचा वास आला, अगदी ताजा. "आला रशीद," काका म्हणाले आणि आज पहिल्यांदाच मला दिसलं की ते गाडीकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होते. अंगठ्याखाली एक बटण होतं आणि त्याची वायर जिन्याखाली गेली होती.

चहा आणते म्हणून मी खाली उतरले. जिन्याखाली, तांदळाच्या डब्यांमागे, फळीवर एक मोटर घुमत होती. तिचा पट्टा एक जुनं जातं फिरवत होता. जात्यात दाणा नव्हता; विजेवर ताण पडावा एवढ्यासाठीच ते फिरत होतं. मोटरीवर पांढऱ्या रंगात, उर्दूत, काहीतरी नाव लिहिलं होतं.

मागे काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "भंगारवाल्याच्या टेम्पोमागं पलत गेलं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या गुडघ्यांनी. चार लूमांतली एवरीच मोटर मिलाली."

मी वर गेले. काय बोलावं ते ठरवलं नव्हतं, पण राहवेना. "काका, शेड बंद आहे."

"ठावं हाय मना."

"मग हे कशाला?"

काकांनी लाल गाडी उचलून तिचं चाक रुमालाने पुसलं. "त्याचा फोन लागत न्हाय, बाई. रोज लावतो. बरा झाला तर येलच तो, आन पयला हितंच येल, याच येलेला." त्यांनी गाडी पुन्हा रुळावर ठेवली. "तवा गारी अशीच भरार पलताना दिसली, तर त्याला काय वाटंल? हेच, का आपुन गेलो, तरी हितं काय फरक परला न्हाय."