आमच्या गॅलरीतला जागतिक विक्रम

मला कळलं की जगाला कळतं. ही फुशारकी नाही, माझ्या नोकरीचं वर्णनच तसं आहे.

आमची संस्था जगभरातलं उपयोगी विज्ञान गोळा करते आणि वेबसाइटवर फुकट ठेवते. पाणी कसं गाळावं, धान्याला कीड कशी लागू देऊ नये, कमी धुराची चूल कशी बांधावी, असलं सगळं. जिथे दुकान लांब आणि वीज लहरी, तिथल्या माणसांनी वाचावं आणि करून बघावं, असा हेतू. अडचण एकच. शास्त्रज्ञ लिहितात ते फक्त शास्त्रज्ञांना कळतं, आणि त्यातही शेजारच्या खोलीतल्या शास्त्रज्ञाला कळत नाही. म्हणून संस्थेत एक पद आहे : सामान्य वाचक. ते पद म्हणजे मी.

मी मुळात टायपिंगसाठी लागले होते. टाइप करता करता वाचायला लागले, वाचता वाचता विचारायला लागले, आणि इतकं विचारलं की शेवटी संचालक हात जोडून म्हणाले, "ताई, तुम्ही टायपिंग सोडा. नुसतं विचाराच!" तेव्हापासून विहिरीपासून विषाणूपर्यंत सगळं माझ्या डोक्यावरून जातं. जे वरून जातं ते परत पाठवायचं, जे आत शिरतं ते वेबसाइटवर. माझं डोकं म्हणजे संस्थेची गाळणीच म्हणा ना.

तर एक दिवस संचालकांनी बोलावलं. चेहरा असा, की मुलीकडच्यांनी नकार कळवलाय.

"ताई, निधी देणाऱ्या बाई भेटीला येतायत. त्यांचं म्हणणं, मजकूर सोपा आहे की नाही हे तपासायला आता कॉम्प्युटरचा प्रोग्राम मिळतो. मग माणूस कशाला?"

"मग?"

"तुमच्या कामाचा काही ठोस परिणाम दाखवा. नाहीतर तुम्ही पुन्हा टायपिंगला."

"पण टायपिंग आता कोण करतं?"

"कुणीच नाही," ते हळूच म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

मी डगमगले नाही. ठोस परिणाम माझ्या टेबलावरच पडला होता. 'बाष्पीभवनाधारित शीतपात्राची उभारणी' असं बारसं झालेला तो लेख मी चांगला धुऊन, पिळून 'मडक्यात मडकं' असा केला होता. मोठ्या मडक्यात छोटं मडकं ठेवायचं, मधल्या फटीत वाळू भरायची, वाळू ओली ठेवायची, वरून ओलं फडकं. पाणी उडतं तसं आतलं मडकं गार होतं आणि भाजी विजेशिवाय टिकते. झाला गरिबांचा फ्रीज!

आता आमच्याकडे नियम असा, की कोणतीही कृती वेबसाइटवर चढवण्याआधी एका खऱ्या घरात करून बघायची. करून बघणारी व्यक्ती संस्थेत नोकरीला नसावी. घर कुणाचं ते ऑफिसात सांगायचं नाही, म्हणजे कुणी पक्षपात करणार नाही. रोजचं तापमान पाठवायचं आणि त्या व्यक्तीचा मोबाइल नंबर मूल्यमापनवाल्याला द्यायचा. तो कुठूनतरी फार लांबून फोन करतो, आधी एकदा आणि काही आठवड्यांनी पुन्हा एकदा.

मी माझ्या सासूबाईंना निवडलं. त्या नियमात बसत होत्या. आमच्या घरात नियमात बसणारं दुसरं कुणी नव्हतंच.

मडकी त्यांच्या खोलीला लागून असलेल्या गॅलरीत मांडली. वाळूचं पोतं नवऱ्याने जिन्यावरून वर आणलं.

"आपल्याकडे फ्रीज आहे," तो धापा टाकत म्हणाला.

"हे विज्ञानासाठी आहे."

"मग फ्रीज काय अध्यात्मासाठी आहे?"

विज्ञानाला घरातूनच विरोध होतो, हे मी वाचलेलं होतं. काम वाटून टाकलं. सकाळी त्याने वाळूवर पाणी शिंपडायचं आणि संध्याकाळी मी थर्मामीटर लावायचा.

पहिल्या दिवशी आतल्या काकडीचं आणि बाहेरच्या काकडीचं तापमान अगदी सारखं! आई, म्हणजे सासूबाई, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवून घे गं. चेहरा बघ कसा झालाय."

दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार. मडकं गार! तिसऱ्या दिवशी आणखी गार! आठवडा होता होता मडकं असं थंड पडलं, की काकडी काढताना बोटं बधिर व्हायची. आकडे ऑफिसात गेले. संचालकांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले आणि वेबसाइटच्या पहिल्या पानावर चढवले. जगात कुठल्याही मडक्याने एवढी थंडी दाखवली नव्हती! परदेशातल्या एका शास्त्रज्ञाने कळवलं, की हे पाहून आपण आपलं समीकरण पुन्हा मांडतोय. दुसऱ्याने विचारलं, वाऱ्याचा वेग काय? मी गॅलरीत जाऊन कागदाची पट्टी धरून उभी राहिले. पट्टी आमच्या गॅलरीत ओला टॉवेल जितका हलतो तितकीच हलली, म्हणजे अजिबात नाही. 'वारा मध्यम,' मी कळवलं. विज्ञानात थोडी नम्रता हवी.

याच काळात घरात बर्फ मिळेनासा झाला होता. मी नवऱ्याला बोलायची, नवरा मला.

मग मूल्यमापनवाल्याने दोन्ही फोनचं रेकॉर्डिंग पाठवलं. संचालकांनी सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं आणि स्पीकर लावला. आधी पहिला फोन, मडकं येण्यापूर्वीचा.

"घरात प्यायचं पाणी सहज मिळतं का, आजी?"

"मागितलं तर मिळतं."

"दोन वेळचं जेवण?"

"मिळतं हो. आता चवीचं तुम्हाला काय सांगू!"

"घरातल्या निर्णयांत तुम्हाला विचारतात का?"

"पडदे बदलले ते मला पडदे लागल्यावर कळलं."

"घरात काळजी घेणारं कुणी?"

"सून आहे. पण तिच्यामागे साऱ्या जगाची काळजी. मी काय, याच जगात राहते. कधीतरी माझा नंबर लागेल."

हिशेब बघणाऱ्या बाईंनी नाक पुसलं. संचालक हळहळले. "काय ही हलाखी! आणि ती सून! असतात हो अशा बायका."

"असतात," मी म्हणाले.

मग दुसरा फोन, मधूनच लावलेला. तोच आवाज, पण काय तो थाट!

"आता कसं आहे, आजी?"

"आता? आता मला फुरसत नाही! माझ्या खोलीत सारखी वर्दळ. सकाळी एक जण, संध्याकाळी एक जण. काल तर मला विचारून भाजी आणली."

मूल्यमापनवाल्याच्या तक्त्यात महिलांच्या सक्षमीकरणाची रेघ तळातून निघून थेट छताला लागली होती. दोन मडकी आणि पोतंभर वाळूच्या जोरावर! निधीवाल्या बाईंनी तो तक्ता पाहिला आणि कळवलं : मला या आजींना भेटायचंय. त्यांच्या घरी.

संचालकांनी मला बाजूला घेतलं. "ताई, त्या घरी जरा कळवून ठेवा. तुमची जागा आता शंभर टक्के पक्की."

"सर," मी म्हणाले, "ते घर माझं आहे."

त्यांनी खुर्ची चाचपली आणि बसले. "म्हणजे ती सून...?"

"हो."

"तुमच्याकडे फ्रीज असेल."

"आहे."

"लहान?"

"दोन दारांचा."

"तो जरा... बाजूला करता येईल?"

मी म्हटलं, सर, मी बाईंना सरळ सांगून टाकते. ते म्हणाले, सांगा ना, पण आधी चहा तरी होऊ द्या. चहानंतर माणूस मऊ असतो. मला ते पटलं. माणसाची नोकरी जायला आली की काय काय पटतं!

दोन दारांचा फ्रीज कुठेही बाजूला होत नाही. नवऱ्याने ढकलून पाहिलं, कमरेत उसण भरली. शेवटी त्यावर डबल बेडची चादर टाकली.

"आणि आतून घरघर येते त्याचं काय?" नवरा कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"थोरले काका झोपलेत म्हणून सांग."

"उभे?"

मला हे सुचलंच नव्हतं.

बाई आल्या त्या साध्या सुती कपड्यांत, पायांत जुन्या चपला. त्यांना पाहून मला जास्तच भीती वाटली. मागोमाग संचालक, हातात तक्ता. स्वयंपाकघरावरून जाताना चादर घरघरली. बाई थबकल्या.

"तिथे कुणी...?"

"थोरले काका," नवरा म्हणाला. "विश्रांती घेतायत."

बाईंनी आवाज खाली आणला आणि चवड्यांवर चालत गॅलरीकडे गेल्या. मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

आई खुर्चीत बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, केसांना तेल, पाहुण्यांसाठी राखलेला चेहरा. बाईंनी वाकून नमस्कार केला, कौतुकाने मडक्यावरचं फडकं काढलं, झाकण उचललं, आत हात घातला. हात बाहेर आला तो बर्फाचा ट्रे घेऊन.

ट्रेमधून पाणी ठिबकत होतं.

"बर्फ?" बाई म्हणाल्या.

"तात्त्विकदृष्ट्या," संचालक घसा खाकरत म्हणाले, "बाष्पीभवन फारच तीव्र असेल तर..."

"ट्रेसकट?"

संचालकांनी तक्ता पाठीमागे लपवला. मी कशीबशी म्हणाले, "आई! हा ट्रे इथे कसा?"

"अगं, काकडी एकटी कितीशी गार पडणार?" आई शांतपणे म्हणाल्या. "रोज दुपारी मी बर्फ ठेवते, तुम्ही यायच्या आत काढते. आज तुम्ही लवकर आलात."

"पण कुठून आणता बर्फ?" बाईंनी विचारलं.

"त्या चादरीखालच्या काकांकडून."

नवरा चहा बघायला म्हणून जो गेला, तो परत आला नाही.

आता सगळं संपलंच होतं, तेव्हा मीही भडाभडा बोलून टाकलं. घर माझं, सासू माझी, ती जगाची काळजी करणारी सूनही मीच. आणि आईंना म्हटलं, "मडकं गार झालं नाही तर नाही म्हणून सांगायचं ना! तेवढ्यासाठीच तर ठेवलं होतं."

"सांगितलं असतं," आई म्हणाल्या. "मग तुम्ही ते उचलून नेलं असतं. नेलं असतं की नाही? आणि मग माझ्या खोलीत कोण आलं असतं? सकाळी हा पाणी शिंपायला येतो, तर चार शब्द बोलतो. संध्याकाळी तू येतेस, थर्मामीटर लावतेस, आणि तो पारा खाली येईपर्यंत तुला बसावंच लागतं. पारा जितका खाली जायचा तितका जास्त वेळ बसायचीस. मग मी बर्फ वाढवला."

मी मडक्याकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघणं सोपं होतं.

"आणि तो फोनवरचा मुलगा," आई बाईंना सांगू लागल्या, "गुणी आहे हो, पण त्याची एक खोड आहे. दुसऱ्या फोनला सगळ्यात आधी विचारतो, मडक्याचा उपयोग झाला का? मी आधी नाही म्हणाले, तर 'धन्यवाद' म्हणून फोन ठेवायला लागला! मी घाईघाईने म्हटलं, अरे थांब, झाला झाला. तर किती वेळ बोलत बसला! तब्येत विचारली, गुडघे विचारले. तुम्हीच सांगा, कोण नाही म्हणेल?"

बाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. वाळूच्या उरलेल्या पोत्यावर बसल्या आणि संचालकांना म्हणाल्या, "नाही म्हटलं की फोन ठेवतात?"

"प्रश्नांचा क्रम तसा आहे. उपयोग झालाच नाही, तर पुढचे प्रश्न लागू होत नाहीत."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"म्हणजे त्या तक्त्यावर जेवढे 'हो' आहेत, त्यात अशा किती आज्या असतील?"

संचालकांनी तक्ता पुढे आणला, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मागे नेला.

चहा अखेर आलाच नाही, तरी बाई मऊ झाल्या. संस्थेचा निधी चालू राहिला. मात्र अट घातली, की प्रत्येक कृतीखाली ती कुठे चालत नाही तेही लिहायचं. आमच्या मडक्याखाली आता लिहिलंय : 'कोंदट गॅलरीत ठेवू नये.' परदेशातल्या शास्त्रज्ञांना समीकरण जुन्या जागी परत ठेवायला सांगितलं. कॉम्प्युटरचा प्रोग्रामही बारगळला. बाई म्हणाल्या, मजकूर माणसानेच तपासायला हवा, आणि तो खरोखर सामान्य असायला हवा.

माझा ऊर भरून आला. मी आभार मानायला उठलेच.

"तुम्ही नाही हो, ताई," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आता बाष्पीभवन कळतं. तुम्ही कामातून गेलात."

सामान्य वाचकाचं पद सासूबाईंना मिळालं. घरबसल्या काम, मानधन, आणि मूल्यमापनवाल्याचा दर आठवड्याला एक फोन. मी त्यांची सहायक. त्यांना काय कळलं नाही ते विचारायचं आणि शास्त्रज्ञांना सौम्य शब्दांत कळवायचं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी 'संचालकांचे मनोगत' परत पाठवलं. शेरा होता : 'हे नसलं तरी चालेल.' सौम्य शब्द शोधण्यात माझे दोन दिवस गेले.

मडकी गॅलरीतून हलवली. पण संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसायचं, हे मी मनाशी ठरवलंय. थर्मामीटर नाही, काही नाही. नुसतं बसायचं, बोलायचं. रोज जाते. दार लोटते. आई खुर्चीत, मांडीवर कागदांचा गठ्ठा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"काही काम होतं?" त्या मान वर न करता विचारतात.

"नाही आई, सहजच. म्हटलं, बसावं जरा."

"बस. पण मध्ये बोलू नकोस. जंतांवरचं वाचतेय."

मी गप्प बसते. करणार काय! पदाने वरिष्ठ आहेत.