तांबे विरुद्ध फायबर: एक घरगुती निविदा

घरातले इंटरनेट मंद आहे, ही बाब बाबांनी तत्त्वतः मान्य केली. बाबा खरेदी खात्यातून निवृत्त झालेले. तुलनात्मक तक्त्याशिवाय त्यांनी उभ्या हयातीत झाडूसुद्धा घेतला नव्हता. लग्नाआधीही त्यांनी तीन मुली पाहिल्या आणि आईची निवड का केली याची कारणे लेखी नोंदवून ठेवली. ती आईने अजून वाचलेली नाहीत, म्हणून संसार टिकला.

निकड मुलीची होती. नोकरी जाऊन वर्ष होत आले होते आणि ढीगभर अर्जांनंतर एकच बोलावणे आले होते. मुलाखत सोमवारी सकाळी, पडद्यावर. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटवर समोरच्याचे तोंड आधी हलायचे आणि शब्द मागाहून यायचे.

फायबर जोडायला आलेल्या माणसाने विचारले, "काका, जुनी लाइन काढून टाकू ना?"

"चाचणी न घेता? तांब्यावर अन्याय होईल."

"अहो, तांब्यातून वीज जाते, यातून प्रकाश. अंतर वाढलं की तांबं दमतं. यात तुलना कसली करायची?"

"असं तुम्ही म्हणता. तुम्ही विक्रेते."

त्याने दोन्ही जोडण्या चालू ठेवल्या आणि सुंठेवाचून खोकला गेल्याच्या आनंदात जिना उतरला.

त्याच संध्याकाळी बाबांनी दोन्हींचे पासवर्ड बदलले. निर्णय होईपर्यंत नमुना वापरायचा नसतो, हा खात्याचा नियम. वापरलेला नमुना बाद ठरतो. दोन्ही राउटर कपाटावर शेजारी शेजारी, सारख्या उंचीवर ठेवण्यात आले. घरात आता दोन इंटरनेट होती आणि एकही नव्हते.

"बाबा, सोमवारी माझी मुलाखत आहे," मुलगी म्हणाली. "पासवर्ड द्या."

"कुठला देऊ? एकाचा दिला तर पक्षपात होईल."

"अहो, पोरीच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे!" आई कडाडली.

बाबा विरघळले. मुलीवर त्यांचा फार जीव होता. त्यांनी रात्रभर विचार करून तोडगा काढला: मुलाखत हीच चाचणी धरायची. पहिला अर्धा भाग तांब्यावर, दुसरा फायबरवर. माणूस तोच, खोली तीच, प्रश्न विचारणारे तेच. याहून समान परिस्थिती कुठे मिळणार?

सोमवारी तांब्यावर सुरुवात झाली. पडद्यावरच्या बाईंनी तोच प्रश्न तीनदा विचारला आणि मुलीने तीनदा "माफ करा" म्हटले. मग तार जरा सावरली, मुलगीही सावरली. आपण जुन्या कचेरीत बुडते काम कसे तारले, हे ती इतके छान सांगू लागली की बाई पुढे झुकून ऐकू लागल्या. दारात उभ्या आईने डोळ्याला पदर लावला.

बाबांनी घड्याळ पाहिले. अर्धा वेळ संपला होता. त्यांनी तार उपटली.

"बाबा!"

"नियम म्हणजे नियम, बाळ. आता फायबर."

फायबर लागले आणि चित्र असे लख्ख आले की बाबांचा ऊर भरून आला. बाईंच्या चष्म्यावरचा डाग दिसत होता. त्या फाइल मिटत होत्या, तेही स्वच्छ दिसले. "वेळ दिल्याबद्दल आभार," हे त्यांचे शब्द जराही न अडखळता पोचले. नकाराची मेल तर मुलगी खुर्चीतून उठायच्या आत आली.

"बघितलंस? तांब्यावर हीच मेल यायला उद्या उजाडलं असतं," बाबा म्हणाले. मुलगी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतले.

चाचणीचा तक्ता इमारतीच्या ग्रुपवर गेला. अंगठ्यांवर अंगठे आले. एकाने अपलोडचा वेग विचारला, दुसऱ्याने महिन्याचे भाडे. मुलीचे काय झाले, हे कुणीही विचारले नाही.

तुम्ही नाक मुरडू नका. दोघांत सरस कोण, हे कळेल म्हणूनच तुम्हीही इथवर वाचत आलात. तेव्हा घ्या.

फायबर.