मातोश्री सुवर्णाबाईंची कालवा-मोहीम

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करून लिहिण्यास कारण ऐसे की, मिशिगन प्रांती, ट्रॉय नामे नगरी, वैशाख मासी, अंगणोअंगणी लायलॅक फुलला असता, मातोश्री सुवर्णाबाई यांणी दुचाकीवर आरूढ होऊन जुने कालव्याची वाट सर केली आणि आपली खुशी आपण परत घेतली. थोरांच्या लढाया थोरांनी लिहिल्या. ही मोहीम धाकटी, तोफ नाही, बारूद नाही, सबब कोणी लिहीना. ती राहून जाऊ नये, म्हणोन अक्षर उमटविले.

पूर्वपीठिका ऐसी. सुवर्णाबाई संगमनेरच्या शाळेत मास्तरीण, आणि उभी नोकरी त्यांणी सायकलीवर केली. पुलावरचे खड्डे, उसाचे ट्रॅक्टर, मोकाट बैल, यांस त्या कधी भ्याल्या नाहीत. आणि चिरंजीव राजश्री उल्हासराव मागल्या कॅरियरवर बसून वाढले. पुढे उल्हासराव विद्या करून अमेरिकेत आले आणि मोटारींचे कारखानी सुरक्षेच्या खात्यात रुजू जाहले. तेथे त्यांचा हुद्दा ऐसा की, माणसासारखा पुतळा मोटारीत बसवावा, पट्टा बांधावा, मोटार भिंतीवर घालावी आणि पुतळ्याचे काय काय मोडले ते पाहावे. रोज हेच पाहता पाहता त्यांचे नजरेस चालती बोलती माणसेही पुतळेच दिसो लागली.

मग थंडी सरता सरता मातोश्री सहा महिन्यांचे परवान्यावर लेकाकडे आल्या, आणि आल्या त्या नजरकैदेत पडल्या. महाल मोठा, गालिचा मऊ, फ्रीजमध्ये कशास तोटा नाही. परंतु उंबऱ्याबाहेर पाऊल घालावे तो मोटार हवी, आणि मोटारीस लेकाची सवड हवी. लायब्ररी जवळच, तेथे मराठी पुस्तकांचे एक फडताळही होते. परंतु जाणे ते शनिवारी, तेही कोणी नेईल तर. ग्यारेजात सुनेची जुनी सायकल कुलूप घालून भिंतीस टेकून उभी. मातोश्री रोज तिची धूळ पुसीत, घंटी एकदा वाजवीत आणि आत येत.

एके दिवशी त्यांणी अर्ज केला की, "उल्हास, लायब्ररीत मी सायकलनं जाऊन येत जाईन रे." हुजुरांतून उत्तर आले, "आई, इथं ट्रॅफिक उलट्या बाजूनं असतं. उगीच रिस्क नको गं." त्या दिवशी मातोश्रींचे हातोन आमटीत मीठ पडले नाही, दुसरे दिवशीही पडले नाही, आणि तिसरे दिवशी सौभाग्यवती रेणूबाईसाहेब, ज्या सून असोन सासूच्या पक्षाच्या, त्यांणी पानावरून उठोन मसलत केली. तेव्हा फर्मान सुटले की, रविवारी कालव्याचे वाटेने, जेथे मोटारीस मज्जाव, मातोश्रींनी जुने गिरणीपावेतो जावे. वाटेत पाय जमिनीस लागो न द्यावा. न लागला, तर सायकल व तिचे कुलपाची किल्ली मातोश्रींची. लागला, तर शनिवारची वाट पाहावी. मातोश्री म्हणाल्या, "अट म्हणजे अट." आणि आमटीत मीठ आले.

मग स्वारीचा सरंजाम जाहला. उल्हासरावांनी मातोश्रींस जिरेटोप घातला, कोपरांस व गुडघ्यांस ढाली बांधल्या, अंगावर झगझगीत पिवळे चिलखत चढविले, आणि सायकलीचे पाठीस नारिंगी निशाण लाविले. मातोश्रींनी आरशात पाहून पुसिले, "मी कालव्यावर चाललेय की चंद्रावर?" नात इला, वय तेरा, बोलली, "आजी, यू लुक लाइक अ ट्रॅफिक कोन!" आणि तिचे तीर्थरूपांनी तिजकडे डोळे वटारले. मग दडपे पोहे, चहाचा थर्मास, छत्री, औषधांची पेटी ऐसा बुणगा उल्हासरावांनी आपले सायकलीवर लादिला, इतका की घोडा दिसेना, ओझेच दिसे. आणि सर्वांचे हातावर दही पडोन चारी घोडे मोटारीचे पाठीवर बांधिले. घोड्यांनी मोटारीवर बसोन रणावर जावे, ऐसी चाल मागे कोणी ऐकिली नाही.

कालव्यापाशी पोहोचोन कूच जाहले. बिनीवर इला, मागे मातोश्री, त्यांचे मागे रेणूबाईसाहेब आणि पिछाडीस ओझ्यासह उल्हासराव, जे घडोघडी ओरडत, "आई, ब्रेक! आई, डावीकडे मूळ आहे!" वाट कैसी, तर बारीक खडीची, मेपलांचे कोवळ्या पानांतून ऊन चाळून पडावे ऐसी, दुतर्फा पांढरी, तीन पाकळ्यांची रानफुले ऐसी दाट की रानाने पंगतीच मांडिल्या, लव्हाळ्यावर काळे पक्षी, खांद्यास तांबडे बिल्ले, मुजऱ्यास उभे, आणि पाण्यातल्या ओंडक्यावर कासवांची कचेरी भरलेली. कालवा म्हणावा तर खोदणारांनी पूर्वी अर्ध्यावरच टाकिला. त्याचे पाणी ना येते, ना जाते, नुसते आभाळ घेऊन पडून असते. ते पाहून मातोश्रींस कंठ फुटला, आणि पायडलाचे तालावर, जात्यावर बसल्यागत, त्या गाऊ लागल्या:

कालव्याच्या पाण्या, किती निजशील गडे,
दोन चाकांवर आले, बाई मी तुझ्याकडे.

रेणूबाईसाहेब मागोन हासल्या. उल्हासराव ओरडायचे विसरले. ऐसा एक मैल गेला.

आता गनिमाचा मजकूर. वळणापुढे वाट अरुंद, एके बाजूस रान, एके बाजूस पाणी, आणि त्या खिंडीत कॅनडा गूज नामे रानहंस पक्ष्यांचे ठाणे. नावात मुलूख कॅनडाचा, अंमल मिशिगनात. काळी मान, पांढरी हनुवटी, चालणे सुभेदाराचे. आणि मध्ये पिवळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्ले, वाट ओलांडीत. बिनीवरून इला परतोन बोलली, "नोप. आय ॲम नॉट डूइंग दॅट." आणि रेणूबाईसाहेब थबकल्या. परंतु मातोश्रींस थांबणे म्हणजे पाय टेकणे. त्यांणी वेग ऐसा उतरविला की सायकल उभी की चालती हे कळेना, हँडल डुगडुगे, आणि त्या पिल्लांचे चालीने हळू सरकत राहिल्या. पक्ष्यांनीही त्यांस पाहिले आणि दुर्लक्ष केले.

इतक्यात पिछाडीहून उल्हासराव, मातोश्री संकटात पडल्या ऐसे समजोन, घंटी खणखण वाजवीत दौडले. ती रणभेरी समजोन थोरला नर पंख पसरोन फुत्कारत चालून आला. उल्हासरावांनी कालव्याकडे वळविले, ओझे एकीकडे कलले, स्वार दुसरीकडे, आणि थर्मासासह खासा काठच्या चिखलात बसला. वरोन नर मान काढोन उभा.

तेव्हा मातोश्रींनी विचार केला नाही. सायकल रानाकडे टाकिली, दोन्ही पायांनी जमिनीवर उतरल्या, पिवळे चिलखत दोन्ही हातांनी पंखांसारखे पसरिले आणि नराचे डोळ्यांत डोळा घालोन, वर्गात बोलावे त्या आवाजे बोलल्या, "पुरे झालं. तुझी पिल्लं तुला, माझं पिल्लू मला. जा बघू घरी." नराने मान आखडिली, घटकाभर तोलून पाहिले, आणि पिल्लांमागे पाण्यात उतरला.

मग त्यांणी लेकास हात देऊन वर काढिले, पदराजोगे ओढणीचे टोक घेऊन गुडघ्यावरचा चिखल पुसिला आणि बोलल्या, "काही लागलेलं नाही. ऊठ. बस सायकलवर." संगमनेरात, लेक पाच वर्षांचा असता, दर पडण्यास हेच वाक्य होते, मलम मागाहून. उल्हासराव ते ऐकोन उठले आणि सायकल उभी करो लागले.

मातोश्रींची नजर मात्र आपल्या चपलांवर गेली. तोंड उतरले. म्हणाल्या, "पाय टेकले रे. मी हरले."

रेणूबाईसाहेब बोलल्या, "अहो आई, तुमचे नुसते पाय टेकले. ह्यांचं तर सगळंच टेकलं!" इला हासता हासता लव्हाळ्यात बसली. मातोश्री हासल्या नाहीत. मास्तरीण, पेपरात स्वतःस गुण वाढवून देणाऱ्या नव्हेत.

तेव्हा उल्हासरावांनी चिखलाचे हाताने खिसा चाचपला, किल्ली काढिली, मातोश्रींचेच ओढणीने पुसिली, ती आणखीच मळली, आणि तैसीच मातोश्रींचे हाती घातली. फर्मान तोंडी जाहले: "घे गं. इथं कोणाला हेल्मेटची गरज आहे, कळलं मला." मग मातोश्री सायकलीवर बसल्या, आणि गिरणीपावेतो सर्वांचे पुढे त्यांचेच नारिंगी निशाण फडकले. तेथे गरम डोनट व थंड सायडर, म्हणजे गिरणीत पिळलेला सफरचंदाचा रस, ऐसी मेजवानी जाहली. पोह्यांस चिखल लागला नव्हता, तेही फस्त जाहले. थर्मासाचे झाकण कालव्याने ठेवोन घेतले.

सोमवारी प्रातःकाळी सुवर्णाबाई लायब्ररीस एकट्या निघाल्या. उजवी बाजू धरिली, कोपऱ्यावर हात दाखविला, मागे न पाहता घंटी एकदा वाजविली आणि लायलॅकाआड गेल्या. उल्हासराव ड्राइव्हवेवर डोक्यास हेल्मेट घालून, हाती सायकल घेऊन उभे होते. रेणूबाईसाहेबांनी हनुवटीखालचा पट्टा सोडविला, हेल्मेट उतरविले, आणि सायकल ग्यारेजात लाविली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. त्या सकाळी मातोश्री दोन पुस्तके घेऊन, कालव्याकडून लांबची वाट करून, उशिरा परतल्या. आणि आमटीत मीठ बेताचे होते.