इंदापूरचा पिवळा फेटा

परगावी जाऊन आपल्या संघाला पाठिंबा कसा द्यावा, या विषयावर बारामतीला लागून असलेल्या आमच्या जळोचीत माझ्याइतकं कुणी वाचलेलं नाही! (कुणाला तशी गरजही पडलेली नाही, हे वेगळं.) यजमानांचा रंग अंगावर घालू नये, आपल्याच माणसांत राहावं, त्यांच्या गोलाला टाळी वाजवू नये. सोपं आहे. मी तर घराबाहेर एरवीही टाळी वाजवत नाही. लोक वळून बघतात.

माझी नात साजिया बारामतीच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. मागच्या सामन्यात घाबरून तिच्या हातून चेंडूवर चेंडू सुटले होते. इंदापूरला पुन्हा तेच झालं, तर संघातली तिची जागा जाणार होती.

"नाना, तुमी फक्त माझ्या गोलमागं उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "तुमी दिसला की माझं हात थरथरत न्हाईत."

नुसतं उभं राहणं मला जमेल, असं मी म्हणालो. त्याचीही खात्री देता येत नाही, असं माझी बायको वहिदा म्हणाली.

पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून मी इंदापूरच्या मैदानावर पोचलो आणि थेट गोलमागं निघालो. तोच संयोजक महिपतरावांनी माझा दंड धरला. त्यांच्या प्रमुख पाहुण्यांचं येणं ऐनवेळी रद्द झालं होतं, व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी होती, आणि कुणाचा तरी सत्कार झाल्याशिवाय चेंडूला पाय लावायची आपल्याकडे पद्धत नाही.

"कुठलं म्हणायचं तुमी?"

"बारामतीचा. पण मी फक्त बघायला..."

"मग बगा की. बसून बगा, आबा."

नको म्हणायला तोंड उघडलं, तर त्यात पेढा गेला. पेढा गिळेपर्यंत टोपी जाऊन डोक्यावर फेटा आला. पिवळाधमक! इंदापूरच्या मुलीही नखशिखांत पिवळ्या! मग शाल, नारळ, आणि माझ्या क्रीडाक्षेत्रातल्या योगदानावर भाषण. ते इतकं मनापासून झालं की मलाच माझ्याबद्दल आदर वाटू लागला. माझं योगदान म्हणजे शाळेत पोरं खेळायची तेव्हा मी त्यांच्या चपला राखायचो.

सामना सुरू झाला. मी उठायला गेलो की कुणीतरी चहा आणून द्यायचं. इंदापूरनं पहिला गोल केला आणि सगळं व्यासपीठ उठून टाळ्या पिटू लागलं. माझ्या एका हातात कप, दुसऱ्यात नारळ. सुटलो, असं वाटलं. महिपतरावांनी दोन्ही काढून घेतले.

"हां, आता वाजवा."

वाजवली.

नेमकं तेव्हाच साजियानं मागं वळून पाहिलं. गोलमागं कुणी नव्हतं. मग तिची नजर व्यासपीठावर आली. तिथं तिचा नाना पिवळ्या फेट्यात टाळ्या वाजवत होता.

तिचे हात थरथरले नाहीत. मुठी वळल्या. पुढचा प्रत्येक चेंडू तिनं, भरलेल्या एसटीचा कंडक्टर दारातल्या प्रवाशाला परतवतो तसा परतवला, आणि दरवेळी माझ्याकडे पाहिलं. बारामती दोन-एक जिंकली. चषक द्यायला अर्थातच मी! तिनं तो माझ्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला.

परतीच्या एसटीत ती चषक मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मीच धीर करून म्हणालो, "पुढच्या वेळी गोलमागंच उभा राहीन, बेटा."

"नको नाना," ती म्हणाली. "तुमी त्यांच्यातच बसा. राग आला की मला चेंडू लई चांगला दिसतोय."

पुढचा सामना दौंडला आहे. त्यांचा रंग गुलाबी, आणि वहिदानं फेट्याचं कापड आणूनसुद्धा ठेवलंय.