डावीकडे पडणारी फटफटी

मोटारसायकलच्या डाव्या पायदानावर रंगाचा कणही उरला नव्हता. आतलं पांढरं प्लास्टिक उघडं पडलं होतं आणि टोक पेन्सिलीसारखं निमुळतं झालं होतं. उजवं पायदान मात्र लालभडक, आत्ताच खोक्यातून काढल्यासारखं. गाडी हातभर लांबीची. वर हेल्मेट घातलेला एक छोटा स्वार. त्याचाही डावा कोपर झिजलेला, उजव्यावर ओरखडा नाही.

ही गाडी शेषराव पाटलांना त्यांचे मेहुणे देवमन यांनी दिली होती. देवमन जहाजावर फिटर होते. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते सुटीवर आले तेव्हा बहिणीसाठी, म्हणजे लिलाबाईंसाठी, त्यांनी मुंबईत उतरल्यावर साडी घेतली. शेषरावांसाठी मात्र खास जपानहून ही वस्तू आणली. गाडीबरोबर हातात धरायची एक पेटी होती. पेटीतून गाडीकडे तार जात नव्हती, फक्त वर रेडिओसारखी लांब काडी होती. पेटीवर दोन दांड्या. डावी दांडी पुढे सारली की गाडी धावायची, उजवी फिरवली की पुढचं चाक वळायचं.

"अन् मधात काहीच नाही?" शेषरावांनी गाडी आणि पेटी यांच्यामधल्या हवेत हात फिरवून पाहिला.

"काहीच नाही, भाऊजी. तुमी म्हनसान तिकडं जाते."

शेषराव किन्हीराजाजवळच्या एका गावचे पोलीस पाटील होते. त्यांनी म्हटलं आणि कुणी तिकडे गेलं, असं आजवर घडलं नव्हतं. कारण ते सहसा काही म्हणतच नसत. बांध सरकला, शेळी दुसऱ्याच्या वावरात शिरली, काहीही झालं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाहू." बहुतेक भांडणं वाट पाहून कंटाळायची आणि आपोआप मिटायची, त्यामुळे ते शहाणे म्हणून प्रसिद्ध होते.

एक 'पाहू' मात्र मिटायला तयार नव्हता. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी कुणाची जाणार, हा तो प्रश्न. हा मान गोविंदा आणि जगदेव या चुलतभावांच्या आजोबांचा होता. आजोबा गेले, वाटण्या झाल्या, वावरं मोजून वाटली, भांडी मोजून वाटली. मान कसा वाटायचा ते कुणाला कळेना. शेवटी एक साल याचं, एक साल त्याचं, असं ठरलं. पण पहिलं साल कुणाचं? हे पाटलांनी सांगायचं होतं. छापा-काटाही करून झाला होता. ते नाणं बैलाच्या शेणात पडलं, आणि पुसण्याआधी कोणती बाजू वर होती यावर एक अख्खं वर्ष गेलं. दर पोळ्याला दोन्ही जोड्या तोरणासमोर उभ्या राहायच्या, पाटील 'पाहू' म्हणायचे, आणि दिवस बुडायला लागला की लोक वैतागून बैल कसेही घुसवायचे.

शेषरावांची अडचण वेगळीच होती. गोविंदाच्या घरी त्यांची बहीण बेबीताई दिली होती. जगदेवच्या घरी त्यांची मुलगी अंजना सून होती. जगदेवचं नाव घेतलं, तर भाऊबीजेला बहीण ओवाळायला येणार नाही. गोविंदाचं घेतलं, तर दिवाळीला मुलगी माहेरी येणार नाही. दोन्ही घरांनी हे स्पष्ट सांगितलं होतं, आणि दोन्ही घरं बोलल्याप्रमाणे वागणारी होती.

अशा माणसाच्या हातात ती पेटी आली. शेषराव रोज सकाळी खळ्यात जाऊ लागले. खळ्याची जमीन सारवून चोपलेली, गाडीला सोयीची.

"टॉर्चातले सेल कुठं गेले?" लिलाबाईंनी विचारलं.

"फटफटीत हायेत."

"मंग आता गोठ्यात जाताना फटफटी हाती धरून जाऊ का मी?"

"पाहू," शेषराव म्हणाले आणि एरियल वर ओढू लागले.

गाडी चार-पाच हात नीट जायची. मग स्वार जरासा डोलायचा. शेषराव घाबरून उजवी दांडी उजवीकडे दाबायचे, आणि गाडी डाव्या अंगावर पडायची. ते उचलायचे, फुंकर मारायचे, पुन्हा सोडायचे. पुन्हा डावीकडे.

"उजवीकडं वळवतो तं डावीकडं पडते! जपानी लोकायनं उलटीच बनवली."

अंजना त्या दिवशी ताक न्यायला आली होती. ती वाशीमला सायन्स शिकली होती आणि लग्नानंतर ते शिक्षण कुणासमोर काढत नसे. खळ्याच्या कडेला उभी राहून तिनं गाडी पडताना पाहिली, पुन्हा पडताना पाहिली, मग म्हणाली, "बाबा, चाक उजवीकडं वळवलं का खालचा भाग उजवीकडं पयते. वरचं वजन मांगं राह्यते, डावीकडं. म्हून पडते."

"मंग करू काय?"

"काहीच नोका करू. उजव्या दांडीले हातच लावू नोका. वेगात असली का ते आपल्यानं उभी राह्यते."

हा सल्ला शेषरावांना मानवायला हवा होता. काहीच न करण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. पण डोळ्यासमोर आपली गाडी डोलत असताना हात आवरणं त्यांना जमलं नाही. पावसाळा लागला, खळ्यातून ते ओसरीवर आले, ओसरीवरही गाडी डावीकडेच पडत राहिली. पोळा जवळ आला तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की अख्ख्या गावात ही एकच गोष्ट अशी आहे जिचा निकाल आधी सांगता येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळून झाल्यावर गोविंदा आणि जगदेव दोघेही ओसरीवर आले.

"पाटील, उद्या काय?" गोविंदानं विचारलं.

"उद्या फटफटी सांगन," शेषराव म्हणाले. "माह्या तोंडानं नको, कोनाच्याच तोंडानं नको. तोरनाकडं तोंड करून सोडतो. डावीकडं पडली तं यंदा जगदेव. उजवीकडं पडली तं यंदा गोविंदा. दुसऱ्या साली दुसरा."

दोघांनी विचार केला. वस्तू परदेशी होती, तिचं गावात कुणाशी नातं नव्हतं. ते कबूल झाले.

आत चुलीपाशी लिलाबाईंनी पुरणाची डाळ घोटता घोटता एकदाच वर पाहिलं. "डावीकडं जगदेव," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय. माही पोर तिकडं हाय." आणि पुन्हा डाळ घोटू लागल्या.

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेरच्या उतारावर सगळे बैल जमले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. उताराच्या खालच्या टोकाला दोन खांबांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण. तोरणापलीकडे विहीर, आणि विहिरीपलीकडे गावातलं पहिलं घर गोविंदाचं. रीत अशी, की तोरणाखालून जे आधी येईल त्याचे पाय पहिल्या घरच्या बाईनं धुवायचे, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची. बेबीताई ताट घेऊन दारात उभी होती.

शेषरावांनी गाडी जमिनीवर ठेवली, एरियल पूर्ण ओढलं. डावीकडे जगदेवची जोडी, उजवीकडे गोविंदाची.

"थांबा," गोविंदा म्हणाला. "वळवाची दांडी तुमच्याच हाती हाय ना पाटील? तुमी वळवसान तिकडं पडन."

"मी कायले वळवू?"

"वळवसान असं नाही म्हनत मी. पन वळवता येते."

लोकांना हे पटलं. गोविंदानं बैलाच्या गोंड्यातला एक लाल दोरा काढला आणि उजवी दांडी मधोमध धरून पेटीला करकचून बांधून टाकली. शेषरावांना नाही म्हणता येईना. नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. शिवाय इतके दिवस गाडी डावीकडे पडत होती. एवढ्यात ती सवय मोडेल, असं त्यांना वाटलं नाही.

त्यांनी डावी दांडी पुढे सारली.

गाडी निघाली. चार हात गेली. स्वार जरासा डोलला. सगळ्या गावानं श्वास रोखला. स्वार सरळ झाला. उतारानं वेग घेतला आणि गाडी रेघ मारल्यासारखी निघाली. बायांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या अंजनानं पदर तोंडाला लावला. शेषराव अंगठ्यानं बांधलेली दांडी ढकलू लागले, पण दोरा पक्का होता.

"पड नं!" ते पुटपुटले. "पड नं माय!"

गाडी तोरणाखालून गेली.

डफडेवाल्याला सांगून ठेवलेलं होतं, की तोरणाखालून कुणी गेलं की वाजव. त्यानं वाजवलं. "फुटला! पोया फुटला!" असा एकच गलका झाला आणि सगळे बैल उतारावरून निघाले. तोरण तुटलं, पानं उधळली. निकालाची वाट पाहत जागेवर उभ्या राहिलेल्या दोनच जोड्या मागे उरल्या, गोविंदाची आणि जगदेवची. त्या साली त्या दोन्ही मिळून शेवटच्या आल्या.

शेषरावांनी वेगाची दांडी मागे ओढली. पण पेटीचा हुकूम विहिरीपर्यंतच पोचायचा. गाडी विहिरीच्या कडेनं पुढे गेली, बेबीताईच्या पायरीला धडकली आणि आडवी झाली.

लोक धावत पोचले तेव्हा गाडी पाटावर उभी होती. तुळशीच्या ओट्याला टेकवलेली. दोन्ही चाकं धुतलेली, गाडीच्या दिव्यावर कुंकू, पुढ्यात पुरणपोळी.

"बेबे, हे काय केलं?" गोविंदा ओरडला.

"पयलं जे आलं त्याले ओवाळलं. तुमीच म्हनलं होतं नं, का पयलं कोन आलं ते पाहून ओवाळजो?"

"कोन्या अंगावर पडली होती ते सांग आंधी!" जगदेव धापा टाकत म्हणाला.

"उभी करून ओवाळली म्या. आडव्या पाव्हन्याले कोनी ओवाळते का?"

"ते सांगन बी तं कोन मानन? गोविंदाचीच बायको हाय ते."

"म्हंजे माही बायको खोटी?"

"अरे, थे राहू द्या," गर्दीतला एक म्हातारा म्हणाला. "तोरनाखालून पयली गेली, ओवाळून झालं. रीतीनं वर्षाचा मान आता हिचा. पुढच्या पोयाले बैलायनं हिच्यामांगं चालाचं."

"अन् होळीले पयला नारय?"

"तो बी हिचाच."

"हिले हात कुठं हायेत?"

"वरच्या गड्याले हायेत की."

हे सगळे गंभीरपणे बोलत होते. गोविंदा आणि जगदेव कधी नव्हे ते एकमेकांकडे पाहत होते. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच विचार होता, हिच्यापेक्षा तू बरा.

बेबीताई पदरानं गाडी पुसत होती. ओलं डावं पायदान पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं बोटानं ते झिजलेलं टोक चाचपलं. मग गाडी फिरवून उजवं पायदान पाहिलं. मग स्वाराचा डावा कोपर, मग उजवा.

"भाऊ," ती म्हणाली. "ही तं रोजच डाव्या अंगावर पडते."

शेषराव लिलाबाईंकडे पाहू लागले. लिलाबाई पुरणपोळीकडे पाहत होत्या.

"अन् डावीकडं जगदेव कोनं ठरवलं? तूच नं?"

मागून पोचलेल्या एका बैलाची घुंगरं तेवढी वाजली.

"म्हंजे मनात तुया आंधीपासूनच हाय," बेबीताई म्हणाली. "मंग कायले या फटफटीच्या तोंडून बोलवून राह्यला?"

"बेबी, आपुन असं करू... पाहू..."

"पाहू नाही." तिनं गाडी पाटावर ठेवली. "माह्या घरचं नाव नाही घेतलं तं मी एक दिवाळी रागावीन. एक भाऊबीज येनार नाही. पन आज काहीच नाही बोलला, तं कधीच येनार नाही. सांग."

शेषरावांच्या हातात पेटी अजून तशीच होती, उजवी दांडी लाल दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी पेटी पायरीवर ठेवली. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे घेतले. एकदा घसा खाकरला, जरासे डोलले, आणि थांबले नाहीत.

"तोरन पुन्ना बांधा," ते म्हणाले. "यंदा पयला जगदेव. पुढच्या साली गोविंदा. काहून म्हनसान, तं माही पोरगी त्या घरी हाय."