अक्कलदाढेचा मुहूर्त

वकीलसाहेबांची अक्कलदाढ कैक दिवस ठणकत होती आणि ते तिला नुसत्या तारखा देत होते. शेवटी बायकोनंच डॉक्टरांची वेळ घेतली. ती नेमकी त्याच दिवशी दुपारची निघाली, ज्या दिवशी संध्याकाळी लेकीनं पसंत केलेला इंजिनिअर घरी यायचा होता. योगायोग म्हणायचा, दुसरं काय.

लेक धास्तावली होती. आधीच्या एकाची बाबांनी अशी उलटतपासणी घेतली होती, की तो अर्धा चहा टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. खरं तर साहेबांना कुणीच पसंत पडणार नव्हतं. लेक गेली की घर खायला उठेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि ते कुठल्या तोंडानं सांगणार?

इंजिनिअर आला तेव्हा साहेबांचा गाल टम्म सुजला होता, डोक्यावरून मफलर होता आणि काढलेल्या दाढेच्या जागी कापसाचा बोळा. बोलायची मनाई. मान हलवली तरी कळ मस्तकात जायची. ठीक आहे, सगळ्याला 'अंहं' म्हणायचं, त्यांनी ठरवलं. पण 'अं' कापसातच अडकायचा आणि बाहेर पडायचं ते नुसतं 'हं'.

"काका, लग्नानंतर आम्हाला दुसऱ्या गावी राहावं लागेल. चालेल ना?"

"हं."

"पुढच्या महिन्यातच उरकून टाकू म्हणतो."

"हं," साहेब जिवाच्या आकांतानं म्हणाले.

"बाबा किती बदललेत गं," लेक आईच्या कानात पुटपुटली.

साहेबांनी हवेत बोट फिरवून कागद मागितला. कागद आला, पेन आलं, चष्मा काही येईना. "इथंच तर होता," बायको कपाटात डोकं घालून म्हणाली. मग तिनं गरम सूप आणलं, वर स्ट्रॉ. इंजिनिअरनं स्ट्रॉ हळूच काढून घेतली.

"काकू, ही नको. ओढलं की जखम उघडते. आणि जरा कोमट होऊ दे. माझी दाढ काढली तेव्हा सांगायला घरात कुणी नव्हतं, मग आठवडाभर निस्तरत बसलो."

सूप निवेपर्यंत तो चमच्यानं ढवळत राहिला आणि मग वाटी साहेबांच्या हातात दिली. साहेब ते बोळ्याच्या दुसऱ्या बाजूनं मुकाट्यानं प्यायले.

तो गेल्यावर त्यांनी बेसिनमध्ये बोळा थुंकला. लेक दारातच उभी होती.

"बाबा, आता बोलता येईल ना? खरं सांगा, तुम्ही मनापासून हो म्हणालात?"

"अं..." साहेबांनी सुरुवात केली. आवाज अगदी स्वच्छ आला.

साहेबांनी लेकीकडे पाहिलं. तिनं दाराची कडी घट्ट धरली होती. त्यांनी डबीतून कापसाचा नवा बोळा घेतला आणि स्वतःच्या हातानं दाढेच्या जागी ठेवला.

"हं," ते म्हणाले.

बायकोनं साखरेच्या डब्यातून चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. साहेबांना तो लगेच उतरवावा लागला, डोळे पुसायला.