अण्णांचा अर्ज थेट वर

आमच्या शेजारच्या शमुवेल अण्णांनी आजवर कुणाच्याही तोंडावर तक्रार केलेली नाही. ते ती देवाकडे करतात. फक्त आपण शेजारी बसलेले असताना, आणि आपलं नाव घेऊन.

आम्ही नवनगरात राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला आणि आईला जेवायला बोलावलं. ताटं वाढली, अण्णांनी हात जोडले, त्यांच्या घरातल्यांनी डोळे मिटले, म्हणून आम्हीही मिटले. "हे स्वर्गीय पित्या, या अन्नाबद्दल तुझे आभार मानतो. नवे शेजारी दिलेस त्याबद्दलही आभार मानतो. माणूस वकील आहे, शिकलेला आहे. पण पित्या, त्याची गाडी रोज आमच्या फाटकासमोर उभी असते. त्याला तू सुबुद्धी दे." सगळे म्हणाले, "आमेन." माझी आईसुद्धा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी गाडी हलवली. धारवाडच्या कोर्टात मी लोकांची गाऱ्हाणी मांडत आलो आहे, पण पहिल्याच तारखेला निकाल लागून अंमलबजावणीही झाली, असं एकही प्रकरण माझ्या वाट्याला आलेलं नाही. पुढं ओळख वाढल्यावर मी त्यांना एकदा विचारलं, "अण्णा, मला सरळ सांगायचं होतं की." तर अण्णा अगदी निरागसपणे म्हणाले, "मी कुठं काय म्हटलं, वकील? ते प्रार्थनेत आलं."

गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात अण्णा फोरमन होते. तिथंही म्हणे ते कुणावर ओरडत नसत. पाळी सुरू होताना हात जोडायचे आणि म्हणायचे, "प्रभू, बसप्पाला उद्या तरी वेळेवर उठव." बसप्पा लिंगायत. तरीही उठायचा. डोळे मिटलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, ही यातली खरी मेख आहे.

नातेवाईक मात्र टेकीला आले होते. मागच्या जानेवारीत अण्णांच्या पुतणीच्या नव्या घराची उपकारस्तुती, म्हणजे त्यांच्यातली वास्तुशांतच, होती. मीही गेलो होतो. जेवणाआधी अण्णा स्वयंपाकघरात चक्कर मारून आले होते, हे फार कमी जणांना ठाऊक होतं. प्रार्थनेत घराच्या पायापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळ्याला आशीर्वाद मागून झाल्यावर ते म्हणाले, "आणि ज्या हातांनी बिर्याणी केली त्या हातांना बळ दे. त्याच हातांना मिठाचीही आठवण दे." पुतणी आमेन म्हणाली नाही. अण्णांची सून रीना हिनं टेबलाखाली मोबाईलवर वेळ लावली होती. अकरा मिनिटं. तोवर पापड मऊ पडले होते.

अण्णांच्या बायको शांताक्का होत्या तोवर यालाही लगाम होता. प्रार्थना फार लांबली की त्या अण्णांच्या शर्टाची बाही हळूच ओढायच्या आणि अण्णा दोन वाक्यांत येशूच्या नावापर्यंत पोचायचे. शांताक्का जाऊन तीन वर्षं झाली. बाही ओढायचा अधिकार दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

यंदा ईस्टरच्या जेवणाला आम्हीही होतो, आणि अण्णांचा मुलगा प्रकाश बंगळूरहून आला. तो तिथं मोठ्या कंपनीत आहे, माणूस शांत, पण आखीव. हात धुऊन झाल्यावर त्यानं उन्हाळ्याचा बेत सांगितला. एप्रिलअखेर चर्चचं मुलांचं शिबिर झालं की अण्णांनी थेट बंगळूरला यायचं, आणि सुट्टीपुरतं नाही, कायमचं. नवनगरचं घर भाड्यानं द्यायचं.

अण्णा पाण्याचे पेले भरत राहिले.

"अप्पा, आई गेली. आता इथं तुमचं आहे कोण?" प्रकाशनं विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून तर ते जास्त लागलं.

अण्णांनी हात जोडले. त्या दिवशीच्या प्रार्थनेत बंगळूरची वाहतूक आली, तिथली पाणीटंचाई आली, चौदाव्या मजल्यावरच्या लिफ्टचा भरवसा आला. पण 'मला जायचं नाही' हे तीन शब्द आले नाहीत. प्रकाशनं ती सगळी नुसती माहिती समजून ऐकली, आमेन म्हटलं आणि भाडेकरू बघायला मलाच सांगून गेला. अण्णांनी मला त्याबद्दल अवाक्षरानं विचारलं नाही. मी भाडेकरू बघितला नाही, एवढंच मला करता येण्याजोगं होतं.

शिबिर अळणावरच्या पुढं एका गावच्या शाळेत होतं. तीन दिवस, चाळीसएक मुलं. स्वयंपाकाची जबाबदारी कित्येक वर्षं अण्णांकडे. मी तिथं कसा पोचलो, हे सांगायला नको. "प्रभू, वकिलांच्या गाडीला सुट्टीत काही काम नाही, हे तुला ठाऊक आहे." त्या गाडीतून दोन गॅसच्या शेगड्या, अमरगोळच्या बाजारातून घेतलेलं कांद्याचं पोतं आणि अण्णा असे आम्ही गेलो.

चर्चला नवे पाळक आले आहेत. तरुण आहेत, घड्याळ मानतात. त्यांनी छापलेल्या कार्यक्रमात प्रत्येक जेवणाआधी 'प्रार्थना: शमुवेल अण्णा, दोन मिनिटे' असं स्पष्ट लिहिलं होतं. अण्णांनी ते चष्मा लावून वाचलं आणि त्याच सकाळी उप्पीट गार होईतो देवाला सांगितलं, की काही तरुण सेवकांना फार घाई असते, त्यांना तू थोडं थांबायला शिकव. मुलं तर अण्णांहून वस्ताद. त्यांनी एका दिवसात ही वाट ओळखली. दुपारी दोघी मुली स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "अण्णा, लाडवाचं तेवढं प्रार्थनेत घ्या की." अण्णांनी घेतलं. पाळकसाहेबांनी संध्याकाळी अळणावरहून लाडू आणवले.

शेवटच्या दिवशी सकाळी प्रकाश गाडी घेऊन आला. अण्णांना तिथूनच न्यायचं होतं. समारोपाची उपासना शाळेच्या पटांगणात, कडुलिंबाखाली होती. प्रकाश माझ्याशेजारी मागं उभा राहिला. अण्णांना पुन्हा दोनच मिनिटं होती.

त्या दिवशी त्यांनी तक्रार केली नाही. नुसती नावं घेतली. सगळ्या मुलांची, कारखान्यातल्या हजेरीसारखी, एकामागून एक, आणि प्रत्येकाबरोबर त्याचं काही तरी. रूथला अंधाराची भीती वाटते, तिच्याजवळ राहा. डॅनियलला घरी मार बसू देऊ नको. स्टेलाची आई कामाला दूर गेली आहे, तिला लवकर परत आण. तीन दिवस उप्पीट ढवळत हा माणूस एवढं कधी ऐकत होता, ते मला कळलं नाही. मग यादीत शाळेचा शिपाई आला. मग, "अमरगोळच्या मल्लप्पाला बरकत दे, त्यानं निम्मे कांदे नासके दिले तरी." मुलं खुदकन हसली. मग माझ्या आईचं ब्लडप्रेशर. आणि मग त्याच सुरात, "शांताच्या गुडघ्याला आराम दे, पायऱ्या चढताना तिला दुखतं. प्रकाशला सांभाळ, तो फार दमतो. रीनाला, नातवंडांना सांभाळ. येशूच्या नावानं मागतो."

"आमेन," मुलं म्हणाली.

मी डोळे उघडले. गेलेल्या माणसांसाठी अण्णांच्या पंथात प्रार्थना करत नाहीत. हे मला खुद्द अण्णांनीच सांगितलं होतं. माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला आई त्यांना म्हणाली होती, "यांच्यासाठीही दोन शब्द म्हणा," तर त्यांनी फार नम्रपणे नकार दिला होता. "अक्का, आमच्यात गेलेल्यांसाठी मागत नाहीत. ते आता त्याच्याजवळच असतात." आणि अख्ख्या मंडळीसमोर त्यांनीच शांताक्कांच्या गुडघ्यासाठी मागितलं होतं. पाळकसाहेबांच्या ते ध्यानात आलं असणार. ते खाली बघत राहिले आणि त्यांनी पुढचं गीत सांगितलं.

जेवणं झाल्यावर अण्णा नळाखाली पातेली घासत होते. मी धुऊन झालेली गाडीत ठेवत होतो. प्रकाश त्यांच्याजवळ गेला.

"अप्पा, आईचं नाव घेतलंत तुम्ही."

अण्णांचा हात थांबला. "घेतलं?"

"गुडघ्यासाठी."

"चुकलं," अण्णा म्हणाले. "तसं मागायचं नसतं. पाळकसाहेबांना सांगतो मी."

"रोज घेता?"

अण्णा बराच वेळ पातेलं घासत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

"सोडून बघितलं रे. दोन-तीनदा सोडून बघितलं. पण एवढी वर्षं यादी तशीच चाललीय बघ. तिच्या मागनं तू येतोस. तिला गाळलं की मी तुझ्यापर्यंत पोचतच नाही. मधेच कुठं तरी थांबतो, आणि मग काय मागायचं तेच सुचत नाही."

मी हातातलं झाकण उगाच पुसत बसलो. प्रकाश त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याची पँट ओल्या फरशीला टेकत होती, तिकडं त्यानं बघितलं नाही.

"अप्पा, तुम्हाला बंगळूरला यायचंय का? मला सांगा. देवाला नको, मला सांगा."

मला वाटलं, आता हे डोळे मिटणार. पण अण्णांनी मुलाकडे नीट बघितलं.

"नको रे," ते म्हणाले. "मला इथंच राहू दे. तू येत जा. पोरांना घेऊन येत जा."

प्रकाश "बरं" म्हणाला, आणि त्यानं बाह्या सरसावून उरलेली पातेली घासायला घेतली.